ॲसिडच्या टेबलावर संत्रा बर्फी

टेबलावर पांढरी चादर अंथरली होती आणि चादरीवर संत्रा बर्फी होती. शेजारी कचोरी, हिरवी चटणी, काजूची वाटी, फ्रिजमधून काढलेल्या पाण्याच्या बाटल्या. बाहेरून आलेल्या परीक्षकाची सरबराई आमच्याकडे व्याह्यांसारखी करतात, हे मला ठाऊक होतं. पण हे टेबल कुठलं म्हणून मी चादरीचा कोपरा उचलला. तोच काळा दगड. कडेला ॲसिडनं खाऊन पाडलेला तोच बशीएवढा खळगा. चटणीची वाटी नेमकी त्या खळग्यावर बसवली होती, डुगडुगू नये म्हणून खाली कागदाची घडी घालून.

"घे नं वं, लाजते काय," किशोर म्हणाला. "खास तुह्यासाठी बर्डीच्या बाजारातून आणवली."

"या टेबलावर?"

"मंग? पुसलं नं पोरायनं. फिनाईल टाकून."

किशोर आता इथला विभागप्रमुख. त्याआधी तो माझ्या वर्गातला. धातुशास्त्राच्या या प्रयोगशाळेत आम्ही दोघं कॉलेजभर याच टेबलाशी उभे राहिलो, एकाच चाकावर पॉलिश करत. मी सध्या बेसाला राहते आणि बुटीबोरीला एका तारांच्या कारखान्याच्या संशोधन विभागात काम करते. घर शहराच्या टोकाला आणि नोकरी त्याच्याही पलीकडे, त्यामुळे इकडे पाय वळायला निमित्तच उरलं नव्हतं. यंदा उन्हाळी प्रात्यक्षिकांना परीक्षक म्हणून त्यानं माझं नाव सुचवलं. मी हुरळले. सकाळी इस्त्रीची साडी नेसून, कुणाच्या लग्नाला निघावं तशी निघाले.

जिना चढताना मी मुद्दाम सावकाश चढले. वरच्या वळणावर तो वास यायचा, तो आज कुठे सुरू होतो ते पाहायचं होतं. आलाच नाही. नव्या रंगाचा वास आला, कूलरच्या ओल्या वाळ्याचा आला, आणि खोलीत कुणीतरी लिंबाच्या वासाचा फवारा मारला होता तो आला. नाकाला एवढी फसवणूक पुरे होती.

आमचा वास वेगळा होता. स्पिरिटमध्ये नायट्रिक ॲसिडचे थेंब मिसळले की एक गोडसर, घशात बोचणारा वास उठायचा. त्यात रॉकेलच्या बोळ्याचा वास. लोखंड करवतीनं कापताना तापलेल्या भुग्याचा. लहान नमुना बोटांत धरता यावा म्हणून बॅकेलाइटच्या भुकटीत दाबून त्याची वडी पाडायची, तेव्हा जळक्या बटणाचा. हे सगळं केसांत बसायचं, ओढणीत बसायचं, डब्यातल्या पोळीलाही लागायचं, म्हणून डबा व्हरांड्यात खायचा असा दंडक होता. आतमध्ये शेंगदाणासुद्धा तोंडात टाकायची कुणाची छाती नव्हती. नायट्रिकनं बोटांची टोकं पिवळी व्हायची आणि ती पिवळाई कातडी निघेपर्यंत जायची नाही. आई म्हणायची, लोकांच्या पोरी मेंदीनं हात रंगवतात, आमची ॲसिडनं.

आणि आवाज. एमरी पेपरवर नमुना घासताना होणारी ती कोरडी खरखर, एकाच वेळी सगळ्या टेबलांवरून. जाड कागदावर खरखर जाड, बारीक कागदावर बारीक. डोळे मिटून सांगता यायचं कोण कुठवर पोचलंय. प्रत्येक कागदावर नमुना काटकोनात फिरवायचा, आधीचे ओरखडे पुरते निघाले की पुढचा कागद. मग मखमलीचं चाक, त्यावर पांढऱ्या भुकटीचं पाणी. चाक गुणगुणायचं. त्या गुणगुणीत आम्ही परीक्षांच्या तारखा, सिनेमे, भांडणं, सगळं बोललो असू. मला बोलणं आठवत नाही, चाक आठवतं. शेवटी धातू आरशासारखा झाला की त्यावर ॲसिडचा थेंब. क्षणात आरसा मंद व्हायचा. तो लगेच पाण्याखाली धरायचा, वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. मग दिसायचे दाणे. पांढरे, एकमेकांना लागून, आणि मधूनमधून काळे. हातातला साधा लोखंडाचा तुकडा आतून असा असतो हे पहिल्यांदा पाहिलं, त्या दिवशी मी घरी गेल्यावर कढई, विळी, खिडकीचे गज, सगळ्यांकडे नव्यानं बघत बसले होते.

ही खोली रामटेके मॅडमची होती. बुटक्या, पांढऱ्या सुती साडीवर करड्या रंगाचा कोट, पायांत रबरी चपला. त्यांच्या वडिलांच्या पिढीनं दीक्षा घेतली आणि त्यांच्या पिढीनं पदव्या, असं त्या स्वतःच सांगायच्या, दोन्हीचा सारखाच अभिमान धरून. आमच्या पोरांत तेव्हा एक शब्द चालायचा: रीडिंग शिजवणं. उत्तर काय यायला हवं ते आधी ठाऊक असायचं. त्यावरून उलटं येत आकडे मांडायचे, एखाददुसरा मुद्दाम चुकवायचा, म्हणजे खरं वाटतं. होस्टेलवर शिजवण्याची कला इतकी पुढं गेली होती की कुणाचं रीडिंग कच्चं राहिलंय आणि कुणाचं करपलंय यावर चर्चा व्हायची. मॅडम पान हातात घ्यायच्या, चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि एवढंच विचारायच्या, "काहून गा, आलं का आनलं?"

आलं की आणलं. दोन शब्दांत एका अक्षराचा फरक. आणलेलं निघालं तरी मॅडम रागावत नसत. मुकाट्यानं सळईचा नवा तुकडा आणि करवत त्याच्या पुढ्यात ठेवायच्या. आम्हाला शिव्या चालल्या असत्या. उन्हाळ्यात, अंगाला पाण्यासारखा घाम फुटलेला असताना पुन्हा पहिल्या जाड कागदापासून सुरुवात करणं ही शिक्षा कुणालाच दुसऱ्यांदा नको असायची.

किशोरला ती कधी मिळाली नाही. त्याचा हात देवानं दिलेला होता. आम्ही सगळे घासत बसायचो, आणि हा पठ्ठ्या बोटांच्या दाबानंच ओळखायचा कुठं ओरखडा राहिलाय. साध्या पोलादाचा एक फोटो आम्ही दोघांनी मिळून काढला होता, सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा बांधून. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली तो ट्रेमधल्या पाण्यात हळूहळू उमटत गेला, तेव्हा किशोर श्वास रोखून उभा होता. सगळं सुंदर आलं. फक्त उजव्या कोपऱ्यात उंदराच्या शेपटीसारखा एक बारीक ओरखडा. किशोरचा चेहरा पडला. कोपरा कापून टाकू का, म्हणून त्यानं मॅडमना विचारलं.

"कायले कापतं?" मॅडम म्हणाल्या. "आला तं आला. तुह्याच हातचा आहे."

या खोलीनं माझी वाट लावली. मराठीत या बोलण्याचे दोन अर्थ होतात आणि मला दोन्ही लागू पडतात. संशोधन म्हणजे काय ते मी पुढं मोठमोठ्या ठिकाणी ऐकलं, पण शिकले इथेच, बोटांनी. तुटलेली वस्तू दिसली की माझा हात आधी तुटलेल्या कडेकडे जातो. शेजारणीच्या पाळण्याची कडी निसटली तेव्हा सगळे बाळ उचलायला धावले आणि मी कडी उचलली. बाळ सुखरूप होतं म्हणून मला माफ केलं. कारखान्यात तुटलेल्या तारांचे तुकडे माझ्याकडे येतात. तार का तुटली ते त्या तुकड्याला विचारायचं, बाकी कुणाला नाही. पॉलिशचं यंत्र आहे, तरी शेवटचा हात मी स्वतः फिरवते. पोरं हसतात. हसू देत.

तर परीक्षा सुरू झाली. एकेक जण येऊन बसू लागला. सगळ्यांना एकच प्रयोग: खोलीतल्या सळईचा तुकडा घ्या, पॉलिश करा, बघा, ओळखा. पहिल्या मुलीनं फाईल उघडून फोटो दाखवला. चांगला होता, जरा धुरकट. दुसऱ्यानं दाखवला, तो तसाच. तिसऱ्याच्या वेळी मी चष्मा पुसला. उजव्या कोपऱ्यात उंदराची शेपटी होती.

मी मागच्या दोन फाईली ओढून घेतल्या. शेपटी. पुढच्यांच्या मागवल्या. शेपटी, शेपटी, शेपटी. झेरॉक्सची झेरॉक्स काढून दाण्यांच्या कडा वाहून गेल्या होत्या, पण तो ओरखडा जसाच्या तसा.

"हा फोटो कोणी काढला?" मी समोरच्या मुलाला विचारलं.

"ग्रुपवर आला, मॅडम."

"पण काढला कोणी?"

तो गोंधळला. हा प्रश्न त्याला अभ्यासक्रमाबाहेरचा वाटला. "कोणी म्हणजे... स्टँडर्ड आहे मॅडम तो."

मला कसं वाटलं ते सांगते. आपण जीव ओतून शिवलेलं झबलं कुणी लादी पुसायला घेतलेलं दिसावं, तसं वाटलं. तेही धुऊन, वाळवून, वर्षानुवर्षं. मी उठून पॉलिशच्या चाकापाशी गेले. चाकावर मखमल नव्हती, पट्टा नव्हता. आत कोरडी पानं आणि एक मेलेली पाल होती. चाकाच्या अंगाला मात्र झेंडूचा हार, दसऱ्याच्या पूजेचा, वाळून काळा पडलेला. पूजा चुकवली नव्हती कुणी. नवा सूक्ष्मदर्शक काचेच्या कपाटात प्लॅस्टिकसकट बसला होता. शिसारी आली मला. त्या पालीची येते त्यापेक्षा जास्त.

"किशोर, तो आपला फोटो आहे."

"हो नं." त्याच्या चेहऱ्यावर चक्क लाज नव्हती, कौतुक होतं. "किती चालला बघ! तसा फोटो पुन्हा कोणी काढलाच नाही."

"काढू कुठं दिला तुम्ही?"

"अवं, पोरं आता चाकावर उभी राहतात काय? त्यायले नोकरी कॉम्प्युटरची लागते. कमिटी येते, ते फाईल पाहतात, रंग पाहतात. कायले डोक्याले ताप करून घेते? बर्फी खा."

मी बर्फी खाल्ली नाही. पुढची मुलगी आली. अश्विनी तिचं नाव, गळ्यात ओढणी घट्ट गुंडाळलेली, बोटांची टोकं काळवंडलेली. मी आधी बोटं बघितली, मग फाईल. तिचा फोटो वेगळा होता. मोबाईल सूक्ष्मदर्शकाच्या डोळ्याला लावून काढलेला, कडेला काळी गोल सावली, मध्ये ओरखडेच ओरखडे. शेपटी नव्हती. आणि त्यात पांढरे दाणे कमी होते, काळे जास्त.

"हे काय आहे?" किशोरनं विचारलं. "साधं पोलाद असं दिसते काय?"

"नाही सर. पण हे साधं पोलाद नसंल. काळं लय आहे. कार्बन जास्त आहे यात."

"मॅन्युअलमध्ये काय लिहिलं आहे?"

"साधं पोलाद, सर."

"मंग?"

"मंग मले जे दिसलं ते लिहिलं, सर."

चाक बंद असताना पॉलिश कुठे केलंस, असं मी विचारलं. महाल भागातल्या हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणले, ती म्हणाली. घरी टीपॉयच्या काचेवर ठेवून घासलं. शेवटी मावशीच्या जुन्या मखमली ब्लाउजचा तुकडा आणि देवाची भांडी घासायचं पॉलिश. ॲसिडचा थेंब तेवढा इथे येऊन टाकला. तुकडा आणलाय का म्हटलं, तर तिनं कापसात गुंडाळलेला काढून दिला. कोपऱ्यातला आमचा जुना सूक्ष्मदर्शक अजून जिवंत होता. मी डोळा लावला, स्क्रू फिरवला. धुकं सरकलं आणि दाणे वर आले. अर्ध्याहून जास्त काळे. पोरगी बरोबर होती. आमच्या वेळची सळई कधीच संपली असणार. नंतर कुणीतरी दुसरीच आणून त्याच खोक्यात ठेवली, आणि तेव्हापासून बॅचमागून बॅच या सळईचे तुकडे कापून फेकत आली आणि त्या जुन्या सळईचा फोटो चिकटवत आली. खोलीत ठेवलेल्या लोखंडाकडे एकानंही पाहिलं नव्हतं.

मी किशोरला बघायला लावलं. तो वाकला. डोळा लावताच त्याचा डावा हात आपोआप स्क्रूवर गेला, हलकेच, पूर्वीसारखा. पाहिलं त्यानं. त्याला समजायला क्षणही लागला नाही. अडाणी असता तर मी त्याला माफ केलं असतं.

पोरीला बाहेर बसायला सांगून त्यानं दार लोटलं.

"बरोबर आहे तिचं," तो म्हणाला. "पण तिचं बरोबर धरलं तं बाकी सगळ्यायचं चूक होते."

"होतेच."

"मंग अख्ख्या बॅचले बसवू काय पुन्हा? अन मागच्या बॅचेसचं काय? विद्यापीठ विचारंल नं. त्यापेक्षा ती फोटो बदलून देईल, पूर्ण मार्क देऊ. तिचंही भलं."

"ती नाही बदलणार. जे आलंय त्यालाच मार्क. नाही तर माझी सही नाही."

तो दोन्ही हात जोडून हसला. "बरं बाई. तू म्हणशील तसं. चिडू नको. जा, हात धुऊन ये, चहा सांगतो."

मी वरच्या मजल्यावर जाऊन तोंडावर पाण्याचे हबके मारले. एप्रिलचं पाणी, नळातून गरमच येत होतं. रामटेके मॅडम जाऊन बरीच वर्षं झाली. त्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या, असा विचार करायला मला आवडलं. आरशात मी जरा ताठ दिसले. खाली आले, अश्विनीच्या नावापुढं पूर्ण गुण टाकले, सही केली, चहा घेतला. किशोर फाटकापर्यंत सोडायला आला, बर्फीचा डबा गाडीत ठेवायचा आग्रह करत. डबा मी चौकीदाराला दिला.

पार्किंगमध्ये कडुलिंबाखाली अश्विनी स्कूटीपाशी थांबली होती. उन्हासाठी चेहऱ्याला ओढणी बांधत होती, मला पाहून तिनं ती सोडली.

"थँक्यू मॅडम. मार्क दिले तुम्ही."

"तुझे होते, तुला दिले."

ती ओढणीच्या टोकाशी चाळा करत राहिली. "मॅडम, मी फोटो बदलून देला. तुम्ही हात धुवायले गेल्या तवा सरांनी बोलावलं होतं."

"काहून?" माझ्या तोंडून निघून गेलं. त्या खोलीतला शब्द, त्याच खोलीतल्या आवाजात.

"तुम्ही आजच्या, मॅडम. सर रोजचे."

मी वळले. परत वर जायला निघालेच होते, तेवढ्यात तिनं माझा हात धरला. "नका जाऊ नं मॅडम. माहे दोन प्रॅक्टिकल अजून त्यायच्याकडंच आहेत." धरलेला हात तिनं लगेच सोडलाही. मग मनातलं बोलावं तसं तिनं विचारलं, "तुमच्या कंपनीत तरी जे दिसते तेच लिहितात का हो?"

"मी लिहिते."

"मंग तुम्ही तिथं मोठ्या साहेब असाल."

खोटं बोलता आलं असतं. एका शब्दाचं काम होतं. "नाही," मी म्हणाले. "ज्यांना मी सूक्ष्मदर्शकातून बघायला शिकवलं, ते आता माझे साहेब आहेत."

तिनं मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. "मंग फोटो बदलला ते बरंच झालं, मॅडम," ती म्हणाली. ओढणी डोळ्यांपर्यंत बांधून घेतली, स्कूटी सुरू केली आणि वाकून नमस्कार करून गेली.

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.